सी शिकायची तर कशातून? दारव्हा तालुक्यातून केलेले एक परीक्षण

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा, दिग्रस, आर्णी या तालुक्यांतून दरवर्षी बरीच मुले-मुली बारावीनंतर बीसीएला, संगणकशास्त्राच्या बीएस्सीला किंवा पदविका अभियांत्रिकीला प्रवेश घेतात आणि पहिल्याच वर्षी त्यांची गाठ सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेशी पडते. यांतली बहुतेक मुले मराठी माध्यमातली, शेतकरी घरांतली असतात आणि मोबाइल सोडला तर संगणक त्यांनी शाळेतच काय तो पाहिलेला असतो. आमच्या गावच्या वाचनालयात संध्याकाळच्या वेळी या मुलांना सी शिकवताना जी पुस्तके, जे ध्वनिचित्रधडे आणि जे कंपायलर (लिहिलेला प्रोग्रॅम संगणकाला चालवता येईल अशा रूपात आणणारी साधने) आम्ही वापरले, त्यांचे हे परीक्षण आहे. सीच्या पुस्तकांची परीक्षणे पुष्कळ सापडतात, परंतु टेबलावर लॅपटॉप आहे, नेट अखंड चालते आणि इंग्रजी वाचताना अडत नाही, हे सगळे धरूनच ती लिहिलेली असतात. या तिन्हींपैकी एकाचाही भरवसा नसताना काय निवडावे, हा इकडचा खरा प्रश्न आहे.

साधन पारखताना मी दोन कसोट्या लावतो. पहिली अशी की त्यातला प्रोग्रॅम आजच्या कंपायलरवर, त्याचे चुकांबद्दलचे सर्व इशारे सुरू ठेवून, जसाच्या तसा चालला पाहिजे. दुसरी अशी की एकदा विकत घेतल्यावर किंवा उतरवून ठेवल्यावर ते साधन नेटशिवाय वापरता आले पाहिजे, कारण पावसाळ्यात टॉवर बंद पडला की तो कधी सुरू होईल हे कोणालाच सांगता येत नाही. सोपी भाषा हा गुण मी या दोहोंच्या नंतर धरतो. सोप्या भाषेत चुकीचे शिकले गेले तर ते पुसून काढायला मूळ शिकण्यापेक्षा जास्त वेळ जातो, असा माझा अनुभव आहे.

पहिल्या कसोटीवर एवढा भर देण्याचे कारण या भाषेच्या इतिहासातच आहे. डेनिस रिची यांनी बेल लॅब्ज या अमेरिकन संशोधनसंस्थेत १९७२च्या सुमारास सी घडवली. १९८९ मध्ये तिचे अमेरिकन मानक ठरले, १९९० मध्ये तेच आंतरराष्ट्रीय मानक झाले आणि पुढे १९९९, २०११, २०१८ व २०२४ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या प्रसिद्ध झाल्या. भाषेचा मूळ घाट फारसा बदलला नाही, मात्र पूर्वी चालून जाणाऱ्या अनेक सवयी मानकाने एकेक करून बंद केल्या. कीबोर्डवरून ओळ वाचून घेणारे गेट्स हे फंक्शन (ठरावीक काम करणारा प्रोग्रॅमचा तुकडा) २०११च्या मानकातून काढूनच टाकले गेले, कारण समोरून किती अक्षरे येतील यावर त्याचा कोणताही ताबा नसतो आणि राखून ठेवलेल्या जागेपेक्षा मोठा मजकूर आला की तो सरळ शेजारच्या मेमरीवर लिहिला जातो. तरीही परीक्षेच्या तोंडावर खपणाऱ्या कित्येक गाइडांमध्ये विद्यार्थ्याचे नाव विचारणारा प्रोग्रॅम आजही गेट्स वापरूनच छापलेला दिसतो.

सगळ्यात आधी टर्बो सीबद्दल लिहिणे भाग आहे, कारण आपल्या भागात सी शिकणे म्हणजे टर्बो सीची निळी खिडकी उघडणे असे समीकरणच होऊन बसले आहे. बोरलँड या अमेरिकन कंपनीने १९८७ मध्ये हा कंपायलर डॉस या विंडोजच्या आधीच्या संगणकप्रणालीसाठी बाजारात आणला. त्या काळी तो उत्तमच होता. तो लहान होता, वेगवान होता, आणि लिहिणे, तपासणे, चालवणे ही तिन्ही कामे एकाच खिडकीत होत असत. परंतु आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर तो थेट चालत नाही, म्हणून डॉसबॉक्स नावाच्या प्रोग्रॅमच्या आत जुना संगणक उभा करून त्यात तो चालवावा लागतो. एवढा खटाटोप करून विद्यार्थ्याच्या पदरात काय पडते, हे एका उदाहरणाने दाखवतो.

समजा कापसाचा भाव क्विंटलला ७००० रुपये आहे आणि काट्यावर १० क्विंटल माल उतरला. भाव आणि वजन दोन्ही इंट (पूर्णांक) प्रकारच्या चलांत, म्हणजे किंमत साठवायच्या नाव दिलेल्या जागांत, ठेवून त्यांचा गुणाकार छापायला सांगितला, तर टर्बो सी ७०००० ऐवजी ४४६४ छापतो. त्याच्याकडे इंटला दोनच बाइट मिळतात, त्यात ३२७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही, आणि ७०००० मधून ६५५३६ वजा जाऊन जे उरते तेवढेच पडद्यावर येते. आजच्या जीसीसी कंपायलरवर तोच प्रोग्रॅम बरोबर ७०००० छापतो, कारण तिथे इंट चार बाइटांचा असून तो २१४७४८३६४७ पर्यंत जातो. कापूस विकणाऱ्या घरातल्या मुलाला इथे चूक दाखवावी लागत नाही. दहा क्विंटलांचे साडेचार हजार कसे झाले, असे तोच विचारतो. इंट किमान सोळा बिटांचा, म्हणजे दोन बाइटांचा, असावा एवढेच मानक सांगते आणि त्याहून मोठा किती ठेवायचा हे कंपायलरवर सोडते, ही गोष्ट शिकवायला हे उदाहरण फार चांगले आहे. पण ज्या पुस्तकात ‘इंट दोन बाइटांचा असतो’ हे वाक्य नियम म्हणून छापले आहे, त्या पुस्तकावर वाढलेला विद्यार्थी नागपूर-पुण्याच्या मुलाखतीत तेच उत्तर देतो आणि त्याला बाहेरचा रस्ता दाखवला जातो.

टर्बो सीची दुसरी अडचण सवयींची आहे. कोनिओ ही प्रोग्रॅमच्या सुरुवातीला जोडायची हेडर फाइल, पडदा पुसणारे सीएलआरएससीआर, कळ दाबेपर्यंत थांबवून ठेवणारे गेटसीएच आणि व्हॉइड मेन या चार गोष्टी आपल्याकडे सीचाच भाग म्हणून शिकवल्या जातात. यांपैकी पहिल्या तीन मानक सीमध्ये नाहीतच, आणि संगणकावर चालणाऱ्या साध्या प्रोग्रॅममध्ये मेनने, म्हणजे प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या फंक्शनने, इंट परत करावा असे मानक सांगते. तालुक्याच्या ठिकाणच्या एका खासगी क्लासमधून पूर्ण कोर्स करून आलेल्या मुलांसमोर जीसीसी ठेवला, तेव्हा त्यांचा एकही प्रोग्रॅम चालेना आणि आपल्याला सी येत नाही अशी त्यांची समजूत झाली. त्यांना सी येत होती. त्यांना फक्त एका कंपनीच्या जुन्या कंपायलरच्या सोयी भाषेपासून वेगळ्या करून कोणी दाखवल्या नव्हत्या. म्हणून माझे मत स्पष्ट आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सक्ती असेल तेवढ्यापुरता टर्बो सी वापरावा, शिकण्यासाठी वापरू नये.

त्याऐवजी काय वापरावे, याचे उत्तर हातात कोणते यंत्र आहे यावर ठरते. जुना का होईना लॅपटॉप असेल आणि त्यावर विंडोज असेल, तर कोड ब्लॉक्स हे मोफत साधन पुरेसे आहे. मात्र उतरवून घेताना ज्या फाइलच्या नावात मिंगडब्ल्यू (विंडोजसाठीचा जीसीसी) आहे तीच घ्यावी. नुसती दुसरी फाइल घेतली तर लिहायची खिडकी मिळते, कंपायलर मिळत नाही, आणि नवा विद्यार्थी पहिल्याच संध्याकाळी तिथे अडकतो. लॅपटॉपवर लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली घालायची तयारी असेल तर त्याहून उत्तम, कारण तिथे जीसीसी एका आज्ञेत बसतो.

इकडच्या बहुसंख्य मुलांकडे मात्र फक्त मोबाइल असतो आणि त्यांच्यासाठी टर्मक्स हे ॲप मला सर्वांत मोलाचे वाटते. एफ-ड्रॉइड या मोफत ॲपच्या संकेतस्थळावरून ते घ्यावे, त्यात क्लँग हा कंपायलर आणि नॅनो हा संपादक बसवावा. यासाठी काही शे एमबी डेटा एकदाच लागतो. त्यानंतर नेट असो वा नसो, शेतात धुऱ्यावर बसूनही प्रोग्रॅम लिहून चालवता येतो. हा पोकळ दिलासा नव्हे. टर्मक्समधला क्लँग हा कारखान्यांत आणि कंपन्यांत वापरला जाणारा खराखुरा कंपायलर आहे. मोबाइलच्या कीबोर्डवर महिरपी कंस आणि अर्धविराम शोधणे कंटाळवाणे होते, हे मान्य आहे. ओटीजी केबल आणि साधा यूएसबी कीबोर्ड घेतला तर तीही अडचण मिटते, आणि आमच्या वाचनालयात असे दोन कीबोर्ड मुले आळीपाळीने वापरतात.

कंपायलर चांगला असला की तोच अर्धा शिक्षक होतो. स्कॅनएफ या फंक्शनने कीबोर्डवरून संख्या वाचताना चलाच्या नावाआधी & हे चिन्ह लावायला विसरणे ही नवशिक्यांची ठरलेली चूक आहे. टर्बो सीमध्ये असा प्रोग्रॅम मुकाट्याने तयार होतो आणि चालवल्यावर भलताच आकडा दाखवतो. क्लँग मात्र त्या ओळीचा आणि स्तंभाचा क्रमांक देतो, चुकलेल्या चलाखाली खूण करतो आणि सांगतो की इथे इंटचा पत्ता अपेक्षित होता, तुम्ही नुसता इंट दिला आहे. जीसीसीकडून असे सगळे इशारे हवे असतील तर आज्ञेत डब्ल्यू-ऑल हा पर्याय जोडावा लागतो. हे इशारे इंग्रजीत येतात आणि मुले सुरुवातीला ते वाचायचेच टाळतात. म्हणून मी प्रत्येकाला वहीची शेवटची पाने फक्त इशाऱ्यांसाठी राखायला सांगतो. मूळ वाक्य लिहायचे, खाली मराठीत अर्थ आणि त्याखाली आपण केलेली दुरुस्ती. अशी वही महिनाभर चालवलेला विद्यार्थी नंतर मदतीला हाक मारत नाही.

आता प्रत्यक्ष धड्यांकडे येतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाने सुरुवात कशातून करावी, असे कोणी विचारले तर मी पहिले नाव मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल या प्रकल्पाचे घेतो. त्यातल्या सी आणि सी प्लस प्लस या मालिकेचे मराठी ध्वनी असलेले धडे उपलब्ध आहेत. प्रत्येक धडा साधारण दहा मिनिटांचा असतो आणि पडद्यावर शिक्षकाचा चेहरा नसून प्रत्यक्ष टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकायची खिडकी, असते. कंट्रोल, आल्ट आणि टी या कळा एकत्र दाबा, फाइलला नाव द्या, आता चालवून पाहा, अशा सूचना शांत आवाजात येत राहतात. चूक मुद्दाम करून दाखवली जाते, कंपायलरचा संदेश वाचला जातो आणि मग दुरुस्ती होते. ही पद्धत मला विशेष आवडते, कारण चुकीशिवाय चाललेला प्रोग्रॅम पाहून कोणी सी शिकत नाही. हे धडे मोफत आहेत, उतरवून घेता येतात, आणि हवे ते विषय व हवी ती भाषा निवडून एकत्र संच तयार करून घेण्याची सोय संकेतस्थळावरच आहे. यवतमाळला चांगली रेंज असताना एकाने संच उतरवला आणि पेन ड्राइव्हवर गावात आणला की बाकी सगळ्यांचा प्रश्न सुटतो. दुसऱ्या कसोटीवर इतके खरे उतरणारे दुसरे साधन मला सापडलेले नाही.

त्यातले दोषही सांगितले पाहिजेत. धडे उबंटू या लिनक्सच्या एका प्रकाराच्या अकराव्या मालिकेच्या काळातले आहेत, त्यामुळे पडदा आजच्यापेक्षा वेगळा दिसतो आणि मूल गोंधळते. सी आणि सी प्लस प्लस हे दोन्ही बहुधा एकाच धड्यात पाठोपाठ दाखवले आहेत. अनुभवी माणसाला ही तुलना उपयोगी वाटेल, पण जो पडद्यावर छापणारे प्रिंटएफ पहिल्यांदाच पाहतो आहे त्याला त्याच कामासाठीचा लगेच दुसऱ्या भाषेतला सीआउट दाखवणे घाईचे होते. मी मुलांना धड्याचा सीचा भाग संपला की थांबायला सांगतो. सर्वांत मोठी उणीव पॉइंटरची, म्हणजे दुसऱ्या चलाचा मेमरीतला पत्ता साठवणाऱ्या चलाची, आहे. ज्या विषयासाठी किमान पाचसहा धडे हवेत तो एका छोट्या धड्यात उरकला आहे, आणि सरावासाठी दिलेली उदाहरणेही थोडी आहेत. म्हणजे लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणे), अ‍ॅरे (एकाच नावाखालची चलांची रांग) आणि फंक्शनपर्यंत ही मालिका हात धरून नेते, पुढचा रस्ता पुस्तकातूनच काढावा लागतो.

पुस्तकांत विदर्भाला स्वतःचा अभिमान वाटावा असे नाव म्हणजे यशवंत कानेटकर यांचे ‘लेट अस सी’. नागपुरात राहून त्यांनी लिहिलेले हे पुस्तक देशभरातल्या कॉलेजांत वापरले जाते. इंग्रजी सोपे आहे, वाक्ये लहान आहेत आणि उदाहरणे आपल्या जगातली आहेत. रमेशचा मूळ पगार वाचून घ्या, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता काढा, असला प्रश्न ज्याच्या घरात एखादा शिक्षक किंवा एसटीचा कर्मचारी आहे त्या मुलाला परका वाटत नाही. एकेक कल्पना सुटी करून, आकृती काढून समजावण्याची हातोटी या पुस्तकात आहे आणि पॉइंटरवरचे प्रकरण तर आजही मी त्यातूनच शिकवतो. पत्ता म्हणजे काय, पत्ता साठवणारे चल म्हणजे काय आणि त्या पत्त्यावरचे मूल्य कसे काढायचे, हे तिन्ही टप्पे चौकटी काढून सावकाश दाखवले आहेत.

परंतु हे पुस्तक घेताना आवृत्ती पाहणे फार गरजेचे आहे. नव्या आवृत्त्यांत आजच्या कंपायलरांची दखल घेतलेली आहे, जुन्या आवृत्त्या मात्र टर्बो सी समोर ठेवून लिहिलेल्या आहेत. नागपूरला बर्डीवर किंवा अमरावतीला जुन्या पुस्तकांच्या दुकानात जी प्रत स्वस्तात मिळते ती बहुधा जुन्या आवृत्तीची असते. माझा दुसरा आक्षेप प्रकरणांच्या शेवटी दिलेल्या ‘या प्रोग्रॅमचे उत्तर काय येईल’ या धर्तीच्या प्रश्नांबद्दल आहे. त्यांतले बरेच प्रश्न चांगले आहेत, पण या पुस्तकाच्या यशाने स्पर्धा परीक्षांच्या गाइडांत कोडी घालण्याची जी प्रथा पडली ती घातक आहे. एकाच वाक्यात एकाच चलाची किंमत दोनदा वाढवून त्याचे उत्तर विचारले जाते. अशा वाक्याचे उत्तर मानकाने ठरवलेलेच नाही. दोन कंपायलर दोन वेगळी उत्तरे देऊ शकतात आणि दोघेही नियमाबाहेर जात नाहीत. गाइडात मात्र एकच पर्याय बरोबर म्हणून छापलेला असतो. तो पाठ करणाऱ्या मुलाला मी शक्य तितके समजावतो की या प्रश्नाला उत्तर नाही आणि असे वाक्य स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये कधी लिहायचे नाही.

ई. बालगुरुस्वामी यांचे ‘प्रोग्रॅमिंग इन अ‍ॅन्सी सी’ हे दुसरे सर्वत्र आढळणारे पाठ्यपुस्तक. परीक्षेच्या उत्तरांसाठी त्याची मांडणी सोयीची आहे, तक्ते भरपूर आहेत, सोडवलेली उदाहरणेही आहेत. एकट्याने बसून शिकणाऱ्याला ते कोरडे वाटते. कॉलेजच्या ग्रंथालयात मिळत असेल तर संदर्भासाठी जवळ ठेवावे, विकत घेण्याची गरज नाही.

ब्रायन कर्निगन आणि डेनिस रिची यांच्या ‘द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ या पुस्तकाबद्दल मात्र सविस्तर लिहिले पाहिजे. १९७८ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली आणि १९८८ मध्ये दुसरी; आज जी मिळते ती हीच दुसरी आवृत्ती. भाषा ज्याने घडवली त्यानेच ती समजावून सांगितली आहे आणि तीही पावणेतीनशेच्या आसपास पानांत. एकही वाक्य भरतीचे नाही. पहिल्याच प्रकरणात ओळी, शब्द आणि अक्षरे मोजणारा प्रोग्रॅम येतो आणि तिथून पुढे प्रत्येक प्रोग्रॅम आधीच्या प्रोग्रॅममधून उगवत जातो. पाचवे प्रकरण पॉइंटर आणि अ‍ॅरे यांचे आहे, आणि एका स्ट्रिंगची, म्हणजे अक्षरांच्या रांगेची, दुसऱ्या ठिकाणी प्रत काढणारे फंक्शन आधी अ‍ॅरेने, मग पॉइंटरने आणि शेवटी जवळजवळ एका ओळीत कसे आवळत न्यायचे हे त्यात ज्या क्रमाने दाखवले आहे, तो क्रम समजला की सीचे मर्म हाती लागते. आमच्याकडच्या मुलांनी ती तिन्ही रूपे वहीत लिहून, प्रत्येक फेरीत कोणता पत्ता कोठे पोचला याचा तक्ता मांडला, तेव्हा पॉइंटरची भीती जी गेली ती गेलीच.

या पुस्तकाची अडचण दुहेरी आहे. इंग्रजी अवघड नाही, पण घट्ट आहे. एका परिच्छेदावर अर्धा तास बसण्याची तयारी लागते आणि ज्याने याआधी एकही प्रोग्रॅम लिहिलेला नाही त्याच्यासाठी ते नाही. दुसरी अडचण माझ्या पहिल्या कसोटीची आहे. पुस्तकातला ‘हॅलो, वर्ल्ड’ छापणारा पहिलाच प्रोग्रॅम आज टर्मक्समध्ये जसाच्या तसा टंकला तर क्लँग तो नाकारतो. त्यात मेनच्या आधी इंट लिहिलेले नाही. १९८९च्या मानकात तसे न लिहिले तरी इंटच धरला जात असे, १९९९च्या मानकाने ही सवलत काढून घेतली आणि अलीकडच्या क्लँगमध्ये व जीसीसीमध्ये ती चूक म्हणूनच धरली जाते. मेनच्या आधी इंट हा शब्द घातला की प्रोग्रॅम चालतो. एवढा एक बदल कोणी आधी सांगितला नाही तर जगातले हे सर्वोत्तम सी-पुस्तक पहिल्या पानावरच बिघडलेले आहे, असा खेड्यातल्या विद्यार्थ्याचा समज होतो. म्हणून आमच्या वाचनालयाच्या प्रतीत पहिल्या प्रोग्रॅमशेजारी पेन्सिलने ही दुरुस्ती लिहून ठेवली आहे. भारतात छापलेली स्वस्त आवृत्ती मिळते. पहिले पुस्तक म्हणून नव्हे, पण दुसरे पुस्तक म्हणून ती विकत घ्यावीच.

व्याख्याने ऐकून शिकायचे असेल तर एनपीटीईएल या आयआयटींसारख्या संस्थांच्या व्याख्यानांच्या संकेतस्थळावर दोन अभ्यासक्रम चांगले आहेत. खरगपूर आयआयटीचे प्रा. अनुपम बसू यांचा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम प्रवाहआकृतीपासून सुरू होतो आणि संथ चालतो. कानपूर आयआयटीचे प्रा. सत्यदेव नंदकुमार यांचा आठ आठवड्यांचा आहे; तो अधिक नेमका आहे आणि त्यात प्रोग्रॅम लिहून तपासून घेण्याचा गृहपाठ असतो. दोन्ही इंग्रजीत आहेत. व्याख्याने मोफत आहेत आणि उतरवून ठेवता येतात. प्रमाणपत्र हवे असेल तरच शुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. स्पोकन ट्युटोरियलची मालिका संपवलेल्या मुलाला मी कानपूरचा अभ्यासक्रम सुचवतो, कारण तोवर शब्द ओळखीचे झालेले असतात आणि इंग्रजी कानावरून घसरत नाही. हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५० हा अभ्यासक्रम शिकवण्याच्या दृष्टीने फार वरचा आहे, परंतु त्याचा सगळा सराव ब्राउझरमध्ये, अखंड नेटवर चालतो. सुरुवातीचे इनपुट वाचण्यासाठी त्यांनी स्वतःची खास फंक्शने दिलेली असल्यामुळे आपल्या मुलांना स्कॅनएफपर्यंत पोचायलाही उशीर होतो. वसतिगृहात वायफाय असलेल्यांनी तो जरूर करावा.

नेट लागणाऱ्या साधनांपैकी एकासाठी मात्र मी अपवाद करतो. पायथन ट्यूटर या संकेतस्थळावर नाव पायथनचे असले तरी सीचा प्रोग्रॅमही घालता येतो, आणि मग एकेक ओळ पुढे सरकवत मेमरीत काय घडते ते चौकटी आणि बाणांनी दिसते. पॉइंटर एका चलाकडून दुसऱ्याकडे वळला की बाण डोळ्यांसमोर वळतो. फंक्शनला चल दिले की त्याची वेगळी प्रत कशी तयार होते आणि पत्ता दिला की मूळ चलच कसे बदलते, हे फळ्यावर कितीही वेळा सांगितले तरी न पटणारे प्रकरण इथे थोड्या वेळात पटते. डेटा फार लागत नाही. इंग्रजी वाचता येऊ लागलेल्यांसाठी ‘बीज् गाइड टु सी प्रोग्रॅमिंग’ हे मोफत पुस्तकही सुचवण्याजोगे आहे. त्याची पीडीएफ उतरवून मोबाइलवर ठेवता येते आणि ते आजच्या मानकाला धरून लिहिलेले आहे. शोधयंत्रात प्रश्न टाकला की वर येणाऱ्या संकेतस्थळांबद्दल एवढेच म्हणेन की तयार प्रोग्रॅम तिथे भरपूर मिळतात आणि त्यामुळेच ती शिकून झाल्यावर पाहावीत.

एक पोकळी मला बहुतेक साधनांत जाणवली आणि ती भरून काढण्याची जबाबदारी मराठीत लिहिणाऱ्यांवर आहे. सीमध्ये स्ट्रिंग शिकला की मराठी मुलगा सर्वांत आधी स्वतःचे नाव किंवा गाव देवनागरीत छापून पाहतो. ते टर्मक्समध्ये नीट छापलेही जाते. पण ‘विदर्भ’ या शब्दाची लांबी एसटीआरलेन या फंक्शनला विचारली तर उत्तर १८ येते. डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात. युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या संगणकीय संकेतात व, वेलांटी, द, र, हलन्त आणि भ अशी सहा चिन्हे असतात. आणि यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. एसटीआरलेन अक्षरे मोजत नाही, बाइट मोजते. शेवटचा शून्य धरून या शब्दाला १९ बाइटांचा अ‍ॅरे लागतो, आणि इंग्रजी पुस्तकातल्याप्रमाणे दहाची जागा ठेवून स्कॅनएफने असा शब्द वाचला तर मजकूर जागेबाहेर सांडतो. १९८८च्या पुस्तकात हे नसणे स्वाभाविक आहे. मराठी ध्वनी दिलेल्या धड्यांत मात्र हे यायला हवे होते, कारण सीमधला कॅर हा प्रकार म्हणजे एक अक्षर नसून एक बाइट आहे हे समजावण्यासाठी मराठी मुलाला यापेक्षा जवळचे उदाहरण मिळणार नाही.

राहिला प्रश्न परीक्षेचा, कारण पालक शेवटी तेच विचारतात. प्रॅक्टिकलला समोर टर्बो सी आणि घरी क्लँग, अशी स्थिती असलेल्या मुलांनी दोन्हीकडे चालेल असे लिहायची सवय लावून घ्यावी, आणि ते वाटते तितके कठीण नाही. सगळी चले महिरपी कंस उघडताच सुरुवातीला जाहीर करावीत, कारण मध्येच किंवा फॉर लूपच्या कंसात जाहीर केलेले चल जुना कंपायलर स्वीकारत नाही. तीस हजारांच्या वर जाऊ शकणारी कोणतीही रक्कम लाँग या मोठ्या पूर्णांकांच्या प्रकारच्या चलात ठेवावी आणि छापताना त्याला शोभेल असाच फॉर्मॅट द्यावा. ओळ वाचण्यासाठी गेट्स न वापरता एफगेट्स वापरावे. ते टर्बो सीमध्येही आहे. उत्तर पडद्यावर थांबत नसेल तर गेटसीएचची ओळ प्रॅक्टिकलपुरती घालावी आणि घरी काढून टाकावी. मेनच्या आधी इंट आणि शेवटी शून्य परत करणारी ओळ टर्बो सीलाही चालते, त्यामुळे परीक्षेसाठी म्हणून व्हॉइड मेन लिहिण्याची वेळ कोणावरही येत नाही.